एकशे सत्तर माणसांचे फोन

मंगळवारी सकाळी साडेनऊला निशिकांत देवस्थळी सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसात मीटिंगमध्ये होता, तेव्हा त्याच्या मुलीचा मेसेज आला. ऋता अमेरिकेत, दक्षिणेकडच्या एका राज्यात, विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्याकडे सोमवारचे रात्रीचे साडेआठ वाजले होते.

‘लायब्ररीत आहे. गोळीचा आवाज आला. सगळे टेबलांखाली बसलोय. फोन करू नका.’

निशिकांत कुणाला काही न सांगता उठला आणि जिन्यात जाऊन उभा राहिला. हाच मेसेज त्याच्या बायकोला, साधनालाही गेला असणार आणि ती फोन केल्याशिवाय राहणार नाही, हे त्याला माहीत होतं. त्याने तिला फोन लावला. ती जुरोंग ईस्टच्या मेट्रो स्टेशनवर होती आणि ऋताला दोनदा फोन करून चुकली होती.

“आता करू नकोस,” तो म्हणाला. “फोन वाजला तर ती कुठे लपलीये ते कळेल.”

दोघांनीही फोन बंद केला नाही. तिच्या बाजूने येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या घोषणा ऐकू येत राहिल्या.

ऋता सात वर्षांची असताना ते तिघं त्याच राज्यातून सिंगापूरला आले. तिच्या वर्गातली मुलं अठराव्या वर्षी सक्तीच्या सैनिकी सेवेला गेली, तेव्हा ती घरी येऊन नवलाने सांगायची, की सरावानंतर एक रिकामं काडतूस कमी निघालं तर सगळ्या तुकडीला ते गवतात शोधत बसावं लागतं. तीच मुलगी परत त्या राज्यात शिकायला जायचं म्हणाली, तेव्हा तिथल्या बंदुकांच्या भीतीने साधनाने साफ नकार दिला होता. निशिकांतने तिची समजूत काढली. तिथली बंदूकधारकांची संघटना मोडली, सभासद गळाले, पुढारी आपसात भांडून कोर्टात गेले, ऑफिसला टाळं लागलं, असं त्याने तिला वाचून दाखवलं. संपला तो प्रकार, असं तो म्हणाला होता.

एक गोष्ट मात्र त्याने सांगितली नव्हती. सिंगापूरला येण्याआधी पाच वर्षं तो तिथे त्याच संघटनेचं काम घेणाऱ्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. घरी तो एवढंच सांगायचा, की सभासदांच्या याद्यांचं काम आहे. खरं तर बंदुकांविषयी विधेयक आलं की कुठल्या आमदाराच्या मतदारसंघात कुणाला चिथावायचं हे निवडणारा प्रोग्रॅम त्याने लिहिला होता. अर्ध्या तासात त्या आमदाराचे फोन खणखणू लागत. विद्यापीठात पिस्तूल बाळगायला परवानगी देणारा कायदा याच रीतीने, एका मताने मंजूर झाला होता. त्या दिवशी कंपनीने केक आणला होता आणि निशिकांतने तो खाल्लाही होता.

सत्तेचाळीस मिनिटांनी ऋताचा फोन आला. ती सुखरूप होती. हल्लेखोर असा कुणी नव्हताच. एका मुलाने दप्तर टेबलावर आपटलं आणि आतल्या पिस्तुलातून गोळी सुटली. ती समोरच्या मुलीच्या मांडीत घुसली. पोलिसांनी मुलाला ताब्यात घेतलं खरं, पण पिस्तूल जवळ ठेवण्यात त्याचा काही गुन्हा नव्हता.

निशिकांत जिन्याच्या पायरीवर बसला.

घरी पोचल्यावर त्याने साधनाला सगळं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, “मला सांगितलंस तसं तिलाही सांग. मी सांगणार नाही.”

ऋताने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. त्यानंतर नऊ दिवस ती फक्त आईशी बोलली.

दोन महिन्यांनी तो कायदा रद्द करायचं विधेयक त्या राज्याच्या विधानसभेच्या समितीपुढे आलं. कुणालाही, अगदी व्हिडिओवरूनही, साक्ष देता येणार होती, प्रत्येकी दोन मिनिटं. निशिकांतने नाव नोंदवलं. जुन्या कंपनीच्या करारात गुप्ततेचं कलम होतं. वकिलाने धोका आहे असं सांगितलं. साधना म्हणाली, बघू पुढचं पुढे.

सिंगापूरच्या सकाळी तो लॅपटॉपसमोर बसला. त्या प्रोग्रॅमविषयी त्याचं बोलून झाल्यावर समितीतल्या एका म्हाताऱ्या आमदाराने माइक ओढला. ज्यांच्यावर फोनचा मारा करायचा त्या आमदारांच्या यादीत त्याचं नाव पहिल्या पाचांत असायचं.

“हा कायदा मंजूर झाला त्या दिवशी मला आठशे फोन आले होते,” आमदार म्हणाला. “ती माणसं खरी होती की नाही?”

“खरी होती,” निशिकांत म्हणाला. “पण एकशे सत्तरच होती. आम्ही त्यांना पुन्हा पुन्हा फोन करायला लावत होतो.”

आमदाराने समोरच्या कागदावर तो आकडा लिहून घेतला. मग त्याने आभार मानले.

आता त्याला फोन करणारं कुणी उरलं नव्हतं. तरीही मतदान झालं, तेव्हा त्याने कायद्याच्या बाजूनेच हात वर केला. विधेयक पाच विरुद्ध चार असं पडलं.

त्याच दिवशी ऋताचा बापाला फोन आला. जखमी झालेली मुलगी कुबड्या घेऊन सभागृहात आली होती आणि ऋता तिच्याशेजारी बसली होती.

“बाबा, तिला विचारायचंय, एकशे सत्तर लोक कसे जमवायचे?”

ज्या कामाची लाज वाटून निशिकांत बारा वर्षं गप्प राहिला, तेच त्याची मुलगी शिकवायला सांगत होती. साधना शेजारी येऊन बसली.

“शिकवतो,” तो म्हणाला. “पण एका माणसाने एकदाच फोन करायचा. आणि काय बोलायचं ते त्याचं त्याने ठरवायचं.”

“मग हरलो तर?”

“हरू शकतो,” तो म्हणाला आणि टेबलावरची वही जवळ ओढली.