खटपट खोलीच्या बाई

"हात लावा हो! मोडलं तर मोडलं."

असं म्हणत आमच्या महाडच्या कॉलेजातल्या ग्रंथपाल बाई समोरच्याचा हात धरून सरळ यंत्रावर ठेवायच्या. तुम्ही-आम्ही पाहिलेले ग्रंथपाल कपाटाला कुलूप लावून किल्ली जवळ बाळगणारे. त्यामुळे या बाईंची सवय व्हायला आम्हाला जरा वेळच लागला.

पुरात ग्रंथालय बुडालं, त्यानंतर तळमजल्यावर पुन्हा पुस्तकं ठेवायची कुणाची छाती होईना. ती रिकामी खोली बाईंनी मागून घेतली. पाणी चढलं तर उचलून वर नेता येतील अशीच हत्यारं घेतली. सोल्डरिंगचं सामान, करवती, एक शिलाई मशीन, एक थ्रीडी प्रिंटर. पाटीवर 'मेकरस्पेस' लिहिलं होतं, पण मुलं म्हणायची 'खटपट खोली'. मी फिजिक्स शिकवतो म्हणून बाईंनी मलाही त्यात ओढलं. प्रिंटरवर पहिल्यांदा बुद्धिबळाचा घोडा करायला घेतला, तर शेळी निघाली. बाई म्हणाल्या, "शेळी तर शेळी. पायांवर उभी राहिली ना?"

दिवसभर बाई पुस्तकांच्या देवघेवीत अडकलेल्या, म्हणून खोली कॉलेज सुटल्यावर उघडायची. तिथं सर्वांत जास्त रमली दर्शना, पोलादपूरच्या वर डोंगरातल्या कुडपण गावची. भातात रानडुक्कर शिरलं की वाजणारी घंटा तिनं बनवली. घंटा हातात घेतलेला तिचा फोटो बाईंनी ग्रंथालयाच्या दारात लावला. पाहुणा कुणीही येवो, बाई त्याला आधी त्या फोटोपाशी न्यायच्या. पुढे ती कॉलेजात दिसेनाशी झाली. मुंबईला मामाकडे शिकायला गेली असेल, असं बाईंनी धरून चाललं होतं.

मग संस्थेनं विचारलं, या खोलीचा परिणाम काय? तपासणी तोंडावर आली होती. प्राचार्यांना फोटो आणि हजेरी पुरेशी होती.

"हजेरी म्हणजे परिणाम नव्हे, सर," बाई म्हणाल्या. "जी मुलं शिकून गेली, त्यांना विचारू या."

एका रविवारी आम्ही दोघं निघालो. पोलादपूरला एसटी बदलली, आंबेनळी घाटाच्या रस्त्याला कुडपणच्या फाट्यावर उतरलो आणि चालू लागलो. दर्शनाचा मुंबईतला पत्ता घरून घ्यायचा, एवढाच बेत होता.

दर्शना अंगणातच होती. डोक्यावरचा गवताचा भारा तिनं खाली टाकला आणि आम्हाला बघून तशीच उभी राहिली. तिच्या आईनं चहा दिला. मग म्हणाली, "तुमच्या खोलीपायी कॉलेज सुटलं हिचं. रोज गाडी चुकायची. मागची गाडी धरून यायची नि फाट्यावरनं काळोखात एकली चालायची. लोकं बोलाय लागली. बापानं सांगितलं, पुरे झालं."

"आये, गप गो," दर्शना म्हणाली. "मॅडमचा काय दोष नाय."

बाईंनी कप खाली ठेवला. "तू मला सांगितलं का नाहीस गं?"

"सांगितलं असतं तर तुमी मला लवकर घरी धाडलं असतं."

परतताना एसटीत बाई म्हणाल्या, "घरी कशी जातेस, हे मी तिला कधी विचारलंच नाही."

नंतर त्यांनी लांबून येणाऱ्या सगळ्या मुलींना बोलावून विचारलं. काहींची गाडी चुकत होती, आणि काहीजणी गाडीच्या भीतीनं खोलीत कधी आल्याच नव्हत्या. बाईंनी ते जसंच्या तसं अहवालात लिहिलं. खोली दुपारी उघडावी आणि त्यासाठी एक मदतनीस द्यावा, हेही लिहिलं.

प्राचार्य हबकले. "मॅडम, परिणाम विचारलाय. दुष्परिणाम नव्हे."

"सर, झाला तो सगळा परिणामच."

संस्थेनं अहवालाचा पहिला अर्धा भागच मनावर घेतला. मुलींच्या सुरक्षिततेचं कारण देऊन खोलीला कुलूप लागलं. खोलीत रमणारी मुलं बाईंवर रुसली, जिन्यात समोर आली तरी मान वळवून जाऊ लागली. बाईंनी कुणाला काही समजावलं नाही.

मात्र त्या सवड मिळेल त्या रविवारी कुडपणला जात राहिल्या. तिथं काय बोलणं होतं, असं मी एकदा विचारलं.

"बाप दारात उभा राहतो. ऐकून घेतो. हाकलत नाही," एवढंच म्हणाल्या.

वर्ष संपलं आणि संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजात त्यांची बदली झाली. वीर स्टेशनपर्यंत मी रिक्षातून सोडायला गेलो. गाडी येईपर्यंत त्या दर्शनाबद्दलच बोलत होत्या.

जूनमध्ये ग्रंथालयात गेलो तर काउंटरपाशी दर्शना उभी, आणि शेजारी तिचे वडील, टोपी हातात घेऊन.

"सर, बाहेरून परीक्षा द्यायची हाय," ती म्हणाली. "मॅडम म्हनाल्या होत्या, जूनमध्ये या."

"हायत ना मॅडम?" वडिलांनी विचारलं. "त्यांनाच भेटायचं हाय."

मी बदलीचं सांगितलं. दर्शनानं वडिलांकडे पाहिलं. ते टोपी चाचपत राहिले.

"एवढ्या वेळा आल्या," ते म्हणाले, "मी एकदा पन आत या म्हनलो नाय."