पायांत उतरलेलं पाणी

कापूस घरात आला की आमच्या पुढच्या खोलीत माणसाला जागा राहत नाही. जमिनीपासून पार आढ्यापर्यंत पांढरी गंजी लागते, खोलीत उजेड कमी आणि पांढरेपणाच जास्त. भाव चांगला लागेपर्यंत तो तिथंच पडून असतो. त्या हिवाळ्यात मीही त्याच्याजवळ पडून होतो, पाय गंजीवर टाकून. ते दिवस मला आजही धुक्यातून पाहिल्यासारखे आठवतात.

दोन्ही पाय सुजले होते. आधी चपलेचा पट्टा रुतायला लागला, तर मी म्हटलं, चामडं आखडलं. पांढुर्ण्याच्या बाजारात चपला शिवणाऱ्याकडे गेलो आणि पट्टा ढिला करून मागितला. त्यानं चप्पल हातात घेतली, मग माझ्या पायाकडे पाहिलं.

"काका, चप्पल तं जशीच्या तशी हाय. पाय वाढले तुमचे."

"या वयात पाय वाढते काय? तू पट्टा सोड."

त्यानं सोडला. आठवडाभरात तोही पुरेना. मग मी अनवाणीच हिंडू लागलो. घरच्यांना सांगितलं, थंडीत मातीला पाय लागलेले बरे.

माझी बायको अशा गोष्टीला फसत नाही. एका सकाळी मी उन्हात बसलो होतो. ती समोर येऊन बसली आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. उचलला तर खड्डा तसाच. ओल्या बांधावर कोणाचं पाऊल उमटावं तसा. आम्ही दोघं त्या खड्ड्याकडे पाहत राहिलो, आणि तो इतका हळूहळू भरला की मला वाटलं, हा पाय माझा नाही, दुसऱ्या कोणाचा तरी इथं ठेवला आहे.

"बाप्पा! हे काय होय? काहून लपवून ठेवलं जी तुम्ही?"

"लपवून कुठं ठेवलं? पाय तं समोरच होते."

"हो, अन् तोंडही समोरच होतं. ते कधी उघडलं नाही."

मुलानं मोटरसायकल काढली आणि मला सौंसरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई वयानं माझ्या नातीएवढ्या. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "दादाजी, दिल थोडा थक गया है. इसलिए पानी पैरों में उतर रहा है." हृदय थकलं म्हणे. मला ते पटलं नाही, पण बाई गोड बोलत होत्या म्हणून ऐकून घेतलं. मीठ कमी. सकाळी एक गोळी, तिनं लघवी जास्त होईल आणि अंगातलं पाणी निघून जाईल. निजताना पाय छातीपेक्षा उंच. पाणी मोजून प्यायचं, पण प्यायचं. चक्कर आली तर लगेच यायचं. मुलानं सगळं दोनदा विचारून घेतलं. मी खिडकीतून बाहेर पाहत होतो.

मिठाचं मी मानलं. भाजी, वरण, भाकर, सगळं अळणी. फक्त जेवताना लोणच्याची एक फोड घेत होतो, कारण लोणचं काही मी मीठ म्हणून खात नव्हतो. पापडही मीठ म्हणून खात नव्हतो. बायकोनं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी बरणी उचलून शेजाऱ्यांकडे ठेवून आली.

"मागाले आले तं देऊ नका म्हणून सांगितलं हाय," ती म्हणाली. "लाज असन तं जाऊ नका."

लाज होती. गेलो नाही.

दुपारी मी कापसावर पाय टाकून पडत असे. ती आधी ओरडली, अंगाला खाज सुटेल म्हणून. मग जुनी गोधडी आणून माझ्या पायांखाली अंथरून गेली. डोकं खाली आणि पाय वर असं निजलं की घर उलटं दिसतं. आढ्याचे वासे जमिनीसारखे वाटतात, आणि दारातून येणारं ऊन पाण्यासारखं. गोळीचा अंमल सुरू झाला की मला वाटायचं, पायांतलं पाणी हलायला लागलं. टाचेतून निघालं, पोटरीत आलं, गुडघ्याशी थोडं थांबलं. जसं बागेत दांडानं, म्हणजे मातीच्या पाटानं, पाणी चालतं, मधेच काडीकचऱ्यात अडतं, फेस धरतं आणि मग स्वतःच वाट काढतं. डोळे मिटले की मी माझ्याच अंगाच्या बांधावरून चालत असे. कुठं झाडं होती, कुठं नव्हती. दूर कोणी तरी मोटर चालू केल्याचा आवाज यायचा, आणि तो माझ्या छातीतला आवाज असायचा.

मग परसात जायची घाई व्हायची आणि स्वप्न तुटायचं.

माझा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. आमच्याकडे संत्र्याच्या बागेला हिवाळ्यात ताण देतात. म्हणजे पाणी पार बंद करतात. माती भेगाळते, पानांची चकाकी जाते, ती सुरळी होऊन गळू लागतात. नव्या माणसाला वाटतं, बाग मेली. पण झाड आत ताकद धरून बसलेलं असतं. नेमक्या दिवशी पाणी सोडलं की ते फुलानं फुटतं. त्याला ताण तोडणं म्हणतात. पहिलं पाणी घरच्या कर्त्यानं आपल्या हातानं सोडायचं, अनवाणी, दांडात उभं राहून. मला मिसरूड फुटलं तेव्हा वडिलांनी फावडं माझ्या हाती दिलं. तेव्हापासून ते पाणी दुसऱ्या कोणी सोडलेलं नाही.

मुलगा म्हणाला, "बाबा, औंदा मी तोडतो ताण. तुम्ही घरीच राहा."

"मी मेलो काय?"

"मेले कोण म्हणते? पाय पाहा ना आपले."

"पाय होतीन जाग्यावर. बाग सुकते तवरक माझेही पाय सुकते."

बोलून गेलो, आणि तिथंच मला ते सुचलं. चौथी शिकलेल्या माणसाची विद्या म्हणजे त्याचं शेत. मी विचार केला, झाडाचं जास्तीचं पाणी कसं काढतात? वरून बंद करून. मग अंगाचं का नाही? डॉक्टरीणबाईला मीठ कळतं, गोळी कळते, पण तिनं कधी बाग ठेवली नाही. मी ठरवलं, बागेसोबत आपणही ताण घ्यायचा.

गोळी चालूच ठेवली. बायको मोजून तांब्या भरून ठेवायची, तो मी दाराजवळच्या कडुलिंबाच्या बुडाशी ओतायचो. जीभ टाळूला चिकटली की वाटायचं, बरोबर चाललं आहे. पाय खरंच उतरले. घोट्याचं हाड कितीतरी दिवसांनी दिसलं, मी त्याला हात लावून पाहिला. डोकं हलकं झालं होतं. कापसाची गंजी कधी जवळ यायची, कधी दूर जायची. मला बागेतली झाडं नावानं हाक मारल्यासारखी ऐकू यायची आणि मी त्यांना म्हणायचो, थांबा, मीही तुमच्याच रांगेत आहे.

एका दुपारी उठायला गेलो आणि खोली गोल फिरली. पडलो तो कापसातच. इतकं मऊ पडणं मी जन्मात पडलो नव्हतो. वर पांढरं, खाली पांढरं, आवाज कुठलाच नाही. तसंच राहावंसं वाटलं. मग बायकोचा चेहरा आला, आणि तिच्या हातात तांब्या होता.

पुन्हा सौंसर. या वेळी मला आडवं करून नेलं. डॉक्टरीणबाईंनी अगदी हळू सलाईन लावली. गोळी बंद ठेवली, किती दिवस ते रक्त तपासून सांगते म्हणाल्या.

"गोळी चालू और पानी बंद? किसने बताया आपको?"

"संत्र्यानं," मी म्हटलं.

त्यांना कळलं नाही. बायकोला कळलं. ती खाटेच्या कडेला बसली होती, पदरानं माझं कपाळ पुसत होती. तिचा हात थांबला.

"लिंबाखालची माती रोज ओली दिसून राहिली होती," ती म्हणाली. "म्हणलं, कुत्रं मुतलं असन."

मुलगा तोंड फिरवून हसला. ती हसली नाही.

"ज्या झाडाचा डिंक गळते, त्याले तुम्ही ताण देता काय? सांगा ना. कधी देल्ला?"

रोगी झाडाला मी कधीच ताण दिला नव्हता. दर वर्षी त्याच्या खोडाला चिंधी बांधून ठेवत होतो. बाग सुकत असताना त्याला मात्र घागरीनं पाणी घालत होतो. घागर तीच आणत होती, माझ्या पाठीमागून.

"मंग?" ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. तिनं चमच्यानं पाणी घातलं.

घरी आलो तेव्हा पानं गळायला लागली होती. आणखी थांबलो असतो तर बाग हातची गेली असती. पायांवर सूज अजून थोडी होती, काठी घेऊन अंगणापर्यंत जात होतो. ओल्यात उभं राहायचं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. ताण तोडायच्या सकाळी मुलगा मोटरसायकल दारात लावून उभा राहिला. बागेत मोहाच्या झाडाखाली खाट टाकली, तिच्या पायथ्याला संत्र्याची रिकामी पेटी ठेवली आणि माझे पाय त्यावर चढवले. बायको मागून शिदोरी घेऊन पायी आली.

विहिरीवरची मोटर सुरू झाली. पाणी मुख्य दांडानं आलं आणि मातीच्या बांधाशी थटलं. फावडं बांधावर पडलं होतं. मुलगा माझ्याकडे पाहत होता. माझ्यानंतर मान त्याचाच होता, हे मला ठाऊक होतं.

"तू फोड," मी बायकोला म्हटलं.

"मी?"

"तूच."

"आजवर दांडात पाय ठेवला तं वरडत होते," ती म्हणाली. "आता कायले?"

"बाग वाळून राहिली अन् तू भांडून राहिली."

तिनं चपला काढल्या, लुगडं खोचलं आणि फावडं उचललं. एका घावात बांध फोडला. मी ओरडलो, "कमी, कमी! पहिलं पाणी हलकं!"

"माहीत हाय मले," ती मागं न पाहता म्हणाली, आणि खरंच फोडलेल्या बांधाचं अर्धं तोंड मातीनं बुजवलं.

पाणी पहिल्या आळ्यात शिरलं. कोरड्या मातीतून बुडबुडे आले, वास उठला. ती दांडातून पुढं चालत गेली, पाणी तिच्या घोट्याशी खेळत होतं. माझे तळवे पेटीवर होते, कोरडे, उन्हात. तरी ती गार माती मला कळत होती. मग डोळे कधी मिटले ते समजलं नाही.

उठलो तर मोटर बंद होती. ती खाटेशी बसून भाकर खात होती, पाय चिखलानं माखलेले.

"शेवटपर्यंत पोचलं काय?" मी विचारलं.

"पोचलं," ती म्हणाली, आणि माझा मोजलेला तांब्या माझ्याकडे सरकवला.