कायतानकाकांची राहिलेली फेरी

झोप लागू नये म्हणून मी पलंगावर न पडता आरामखुर्चीत बसले आहे. आरामखुर्चीत झोप पलंगापेक्षा लवकर येते, एवढं शहाणपण मला साठीतही आलेलं नाही. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झालीत. पाचच्या आत लुर्डिसला फोन करून सांगायचंय की संध्याकाळच्या कार्यक्रमाला मी येत नाही. कारण तयार आहे, घसा बसलाय. घसा ठणठणीत आहे. मांडीवर माझ्याच कवितांचं पुस्तक उपडं पडलंय आणि वरचा पंखा दर चौथ्या फेऱ्याला टक्‌ करतोय. मी त्या टक्‌ची वाट बघते. एकदा वाट बघते, दोनदा बघते, आणि मग तो टक्‌ येतच नाही.

"पंखा बरोबर वाजवतो गो. तू चुकीच्या जागी ऐकते."

समोर स्टुलावर कायतानकाका बसलेत. कायतान फुर्तादो. गिरगावात कावेलच्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहायचे आणि ट्रंपेट वाजवायचे. आधी मोठ्या हॉटेलात जॅझ बँडमध्ये, मग हॉटेलवाल्यांना जॅझ नकोसा झाल्यावर सिनेमाच्या गाण्यांत. ते जाऊन अकरा वर्षं झाली, हे मला ठाऊक आहे आणि त्याचं काही वाटत नाही. नवल वाटतं ते एवढंच, की हे प्लास्टिकचं स्टूल मी गेल्या दिवाळीत घेतलंय, आणि ते त्यावर असे बसलेत की जणू सवयीचं आहे.

त्यांची मूठ घट्ट मिटलेली आहे. मुठीत काय आहे ते मी न बघता सांगू शकते. ट्रंपेटच्या टोकाला बसवून ओठांवर टेकवायचा पितळी माउथपीस. वाजवायच्या आधी दहा मिनिटं ते तो असा मुठीत धरून ऊब देत. ते गेल्यावर मार्थाकाकूंनी तो मला दिला आणि मी तो शोकेसमध्ये कुलूपबंद करून ठेवला.

"लुर्डिसला, माझ्या नातीला, काय सांगणार?" ते विचारतात.

"घसा बसलाय."

"दाखव."

मी डॉक्टरसमोर करावा तसा आ करते. ते वाकून, भुवई वर करून, फार गंभीरपणे आत बघतात.

"उभा आहे," म्हणतात आणि उठून दार उघडतात.

दाराबाहेर माझा पार्ल्याचा पॅसेज नाही. कावेलचा जिना आहे. तिसऱ्या पायरीवर मी चौदा वर्षांची बसलेय, दोन वेण्या घालून, आणि खालून काकांचा रियाज ऐकू येतोय. वर आमच्या घरी पेटी होती, मास्तर होते, बोटांवर मात्रा मोजणं होतं. खालून येणारा सूर मात्र दर वेळी ठोक्याच्या जरा नंतर पोचायचा. मला वाटायचं, काका चुकतात. शेवटी एक दिवस धीर करून विचारलं होतं.

"काका, तुम्ही उशिरा का येता?"

ते आत्ताही तेच उत्तर देतात, पायऱ्या उतरता उतरता. "उशिरा न्हय, बाय. मी बीटला पुढे चालू देतो. मग मागून जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवतो."

त्याच आठवड्यात मी छंद नसलेली पहिली कविता लिहिली. भयंकर होती. पण तिच्यात एका ओळीनंतर मी मोकळी जागा सोडली होती, आणि ती जागा चांगली होती. कवितेतली मोकळी जागा मला कुठल्या पुस्तकाने शिकवली नाही, या जिन्याने शिकवली.

पायऱ्या संपत नाहीत. संपतात तेव्हा आम्ही एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात असतो. ही जागा मी कधी पाहिलेली नाही, काकांकडून ऐकलेली आहे. पांढऱ्या टोप्यांचे आचारी ओळीने उभे राहून अंडी फेटतायत आणि सगळ्यांचा हात एका लयीत आहे. काकांच्या अंगावर काळा कोट आहे, गळ्यात बो आहे.

"इथून कशाला?" मी विचारते.

"पुढच्या दाराने पाहुणे, मागच्या दाराने बँड. रोज हाच रस्ता." ते एका फोडलेल्या अंड्याला हळूच वाट करून देतात. "ज्यांनी हे म्युझिक बनवलं ना, ते अमेरिकेतले काळे लोक, ते पण मागच्याच दाराने यायचे. आपल्याच गाण्याला. मला कोणी सांगितलं तेव्हा वाटलं, अरे, मग हे दार काय वाईट नाही."

एक आचारी मान वर करून म्हणतो, "हेमांगीबाई, मात्रा चुकल्या." तो आचारी नाही. तो संपादक आहे, आणि ओट्याचं आता टेबल झालंय. माझ्या पहिल्या संग्रहाची पानं त्याच्यापुढे पडली आहेत आणि तो प्रत्येकावर गोल शिक्का मारतोय. "हे आपलं नाही. परकं आहे. बाहेरून आलेलं आहे."

हे खरोखर छापून आलं होतं, थोड्या बऱ्या भाषेत. मला तेव्हा रडू आलं होतं आणि आत्ताही येतं. काका मात्र टेबलावर कोपर टेकवून आरामात उभे आहेत.

"परकं? हिच्या आईला विचारा."

आई पलीकडेच बसलीय, नागावच्या घरचं जातं पुढ्यात घेऊन. तिला शिक्क्याचं, टेबलाचं काही देणंघेणं नाही. ती दळतेय. खुंट्याला हात देऊन एक ओळ म्हणते, तीच, सगळ्या आळीतल्या बायका म्हणायच्या ती. मग थांबते. जातं एक वेढा फिरतं. मग ती दुसरी ओळ म्हणते आणि त्या ओळीत आजचा उकाडा आहे, माझा बसलेला घसा आहे, माझा खोटेपणा आहे.

"आई!"

"काय आई? पहिली ओळ सगळ्यांची असते. दुसरी त्या दिवसाची," ती म्हणते आणि मूठभर तांदूळ घालते.

काका मला कोपराने ढोसतात. "बघ. तुझ्या घरात होतं ते. मी खाली राहून फक्त मोठ्याने वाजवलं."

मला एकदम इतकं बरं वाटतं की मी संपादकाच्या टेबलावर बसतेच. चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आले की माझी कविता जॅझने घडवली. ते खरंच आहे. पण जॅझने मला आईची ओवी ऐकायला शिकवलं, हे मी कुणालाच कधी सांगितलं नाही, कारण मला ते आत्ता कळतंय.

"चल," काका म्हणतात. "आता खरी जागा."

नको, मी म्हणते. पण संपादकाच्या कपाटामागे सभागृह आहे आणि आम्ही त्यात आहोत.

सगळे अजून तिथेच आहेत. अकरा वर्षांपूर्वीचे दीडशे लोक, खुर्च्यांतून अर्धवट उठलेले, गुडघे वाकलेले, टाळ्यांसाठी तळवे जवळ आलेले. पहिल्या रांगेत एक आजोबा काखेत छत्री मारून तसेच थबकलेत. कुणी बसत नाही, कुणी उभं राहत नाही. त्यांना असं मी ठेवलंय.

त्या दिवशी काकांचा ट्रंपेट आणि माझ्या कविता असा कार्यक्रम होता, आमचा पहिला आणि शेवटचा. सहा महिने आम्ही त्यांच्या घरी तालीम केली. एक फेरी त्यांची, एक माझी. घरी ते तोंडाने सांगत, "आता मी," "आता तू," "आता परत पहिल्यापासून." स्टेजवर तोंड ट्रंपेटला लागलेलं. शेवटाकडे येताना त्यांनी ट्रंपेटवरचा एक हात काढला आणि स्वतःच्या डोक्यावर दोनदा थोपटलं. मी आयुष्यभर भजनं आणि कीर्तनं ऐकलेली बाई. मला वाटलं, काका देवाचं नाव घेऊन आटोपतायत. मी लगेच हात जोडले, वाकून नमस्कार केला. टाळ्या पडल्या. लोक उठले. काका ट्रंपेट अर्ध्यावर धरून उभे राहिले.

डोक्यावर थोपटणं म्हणजे परत मुखड्याला ये, जॅझवाल्यांची जुनी खूण. हे मला त्यांच्या बँडच्या ड्रमवाल्याने सांगितलं. सांगितलं कधी, तर दोन महिन्यांनी, दफनभूमीच्या फाटकाशी. काकांची शेवटची फेरी वाजायची राहिली ती माझ्यामुळे. त्यानंतर मी कुठल्याही स्टेजवर कविता म्हटलेली नाही. आणि आता लुर्डिस तोच ट्रंपेट घेऊन मला बोलावतेय, कावेलमध्येच, आजोबांच्या नावाने.

"राग आला होता?" मी विचारते. अकरा वर्षं हाच एक प्रश्न आहे माझ्याकडे.

"आला ना. भरपूर. टॅक्सीत तुझ्याशी बोललो काय मी?"

"नाही."

"घरी गेलो, मार्थाने सोरपोतेल वाढलं. दोन पाव खाल्ले. मग राग राहिला नाही, फक्त खोकला राहिला." ते छत्रीवाल्या आजोबांची छत्री जरा सरळ करतात. "आणि तू अकरा वर्षं त्यावर बसली? कोंबडी पण एकवीस दिवसांनी उठते गो."

मला हसू येतं आणि ते नाकातून, रडण्याबरोबरच बाहेर येतं.

"पण तुमची फेरी मी घालवली, काका. काय वाजवणार होता तुम्ही?"

"मला काय माहीत?"

"म्हणजे?"

"लिहून थोडी ठेवली होती? वाजवली असती तर मला पण कळलं असतं. जे नव्हतंच, ते तू घालवणार कसं?" ते मिटलेली मूठ दुसऱ्या हाताने चोळतात. "राहिली, हे खरं. चांगलीही झाली असती कदाचित. राहिलेली फेरी तशीच मोकळी असते, बाय. कोणीतरी यायचं आणि घ्यायची."

"मग आत्ता वाजवा."

ते मूठ उघडतात. माउथपीस माझ्या हातावर ठेवतात. चांगला गरम आहे.

"तू फुंक. आमच्याकडे सगळं आहे, हे बघ, कोट आहे, बो आहे. फुंकर नाही."

मी ओठांवर तो ठेवते. "दाब," ते म्हणतात, "अजून दाब. लाजू नको." काकांच्या ओठांवर याचा गोल वळ कायमचा होता. लग्नाच्या फोटोतसुद्धा दिसतो, म्हणून मार्थाकाकू जन्मभर कुरकुरल्या. मी गाल फुगवते आणि फुंकते. जो आवाज येतो तो भंगारवाल्याच्या भोंग्यापेक्षा वाईट आहे. पण तो आवाज सभागृहभर जातो, आणि दीडशे माणसं एक सुस्कारा सोडून खाली बसतात. आजोबा छत्री खुर्चीखाली ठेवतात.

काका माझ्याकडे बघतात. मी माझा हात उचलते आणि डोक्यावर दोनदा थोपटते.

ते इतके खूश होतात की त्यांचे डोळे बारीक होतात. मी पहिली ओळ म्हणते, जुनी, पाठ असलेली, "कावेलच्या जिन्यात दुपार उतरते." मग थांबते. ठोका पुढे निघून जातो. मी त्याला जाऊ देते. आणि मग दुसरी ओळ येते, कधीही न लिहिलेली, आणि मी तिच्या मागोमाग—

टक्‌.

पंखा. खिडकीतून आलेलं ऊन जमिनीवरून भिंतीवर चढलंय. पाचला दहा कमी आहेत आणि फोन वाजतोय.

"आंटी, मीच केला फोन," लुर्डिस म्हणते. "तुम्ही नाही म्हणणार, मला माहितीय. मम्मी म्हणाली, दर वेळी तुमचा घसा—"

"घसा उभा आहे," मी म्हणते. शब्द जाड येतात, ओठ बधिर झाल्यासारखे. "मला एकच सांग. तू वाजवत असताना तुझं तोंड बंद असेल. डोक्यावर असं दोनदा थोपटलंस तर मी काय समजायचं?"

ती हळूच म्हणते, "पहिल्यापासून, आंटी. आजोबांनी मला सगळ्यात आधी तेच शिकवलं."

"आणि मी थोपटलं तर?"

"तर पण पहिल्यापासून. फक्त आधी फेरी तुमची."

साडेसातला येते म्हणून सांगते आणि फोन ठेवते. स्वप्नातली दुसरी ओळ आठवून बघते. गेलेली आहे, पार गेलेली आहे, आणि त्याची मला जराही भीती वाटत नाही. आजची ओळ आज संध्याकाळी येईल.

शोकेसपाशी जाते. कुलूप लागलेलं आहे, किल्ली तांदळाच्या डब्यात आहे. काचेआड माउथपीस आपल्या जागी, आणि त्याच्याभोवतीची महिन्याभराची धूळ कुणी विस्कटलेली नाही. मी आळशी आहे, त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

मग मी केस विंचरायला आरशासमोर उभी राहते. ओठांवर, बरोबर मधोमध, खाली थोडा आणि वर थोडा, रुपयाएवढा गोल लाल वळ आहे. बोट लावून बघते. दुखतो.

साडी बदलते, पावडर लावते. लिपस्टिक हातात घेते आणि परत ठेवून देते.