भाड्याची अचकन

"काढ ती अचकन. पटकन."

नवरदेवाचा मामा मला म्हणाला. घाटकोपरच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये, नवरदेवाच्या खोलीत. ऐंशीनंतरची गोष्ट. मी तिथे वाढपी होतो. मुहूर्त जवळ आलेला आणि मामाच्याच हातून नवरदेवाच्या अचकनीवर कोकम सरबत सांडलेलं. मी ट्रे घेऊन दारात. आम्हा वाढप्यांनाही हॉलवाला अचकनच घालायला लावायचा. तोच मोतिया रंग, तीच पितळी बटणं. नवरदेवाची आणि आमच्या, सगळ्या एकाच दुकानातून भाड्यानं आणलेल्या.

मी काढली. फाटक्या बनियनवर उभा राहिलो.

नवरदेवाला ती झकास बसली. मामा खोलीत जमलेल्या पाहुण्यांना सांगू लागला, "आमच्या घराण्याचा पोशाख आहे हा. पणजोबा हाच घालून दरबारात बसायचे."

थापा. अचकन उत्तरेकडच्या नवाबांची. यांचे पणजोबा कुठल्या दरबारात बसलेच असतील, तर अंगरख्यात. पुढे नवाबी गेली, साहेब आला, आणि साहेबाच्या क्लबात असलेच गळाबंद कोट बेअऱ्यांच्या अंगावर चढले. हे मी नंतर वाचलं. घराणं म्हणून मामा मिरवत होता तो आमच्या धंद्याचा कपडा.

मग मामानं विचारलं, "आडनाव काय रे तुझं?"

मी सांगितलं.

"म्हणजे बौद्ध?"

"हो."

नवरदेवाचे हात बटणांवर थांबले. अंगावर पाल पडल्यासारखा चेहरा. शिकलेला होता, बँकेत ऑफिसर. त्यानं अचकन उतरवली, चिमटीत धरली आणि माझ्या पायाशी टाकली.

"आधी सांगायला काय झालं होतं?" मामा मलाच ओरडला.

डाग पडलेलीच परत घातली. डागावर उपरणं ओढलं. निघाले घराण्याचे वारस.

जाता जाता मामा म्हणाला, "घाल ती आणि पंगतीला लाग."

"नाही घालत."

"मग वाढणार कोण?"

"तुम्ही वाढा."

माझा शर्ट मागच्या खोलीत होता. हॉलचा मॅनेजर कुजबुजला, "अरे, बाहेरून जा ना." मी मंडपातूनच गेलो, बनियनवर, वऱ्हाडाच्या मधून. लाज वाटली नाही. किळस आली, त्यांची.

नोकरी त्याच दिवशी गेली. विक्रोळीला घरी आईनं विचारलं, आता काय करणार? म्हटलं, ओझी उचलीन, गटारं उपसायची नाहीत, बाकी पडेल ते करीन. पण माझ्या अंगाचा विटाळ मानणाऱ्याच्या पानात मी भात वाढणार नाही. त्यानं उपाशी उठावं.