साडेपाच तासांचा फरक

नेटवर्किंगच्या परीक्षेला तीन आठवडे उरले होते. रविवारी दुपारी शिरूरच्या घरी मी सरावाच्या राउटरवर घड्याळ लावत बसले होते. टाइम झोनची कमांड दिली नाही, तर राउटर आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची वेळ दाखवतो, असं पुस्तकात होतं. तसं करून पाहिलं, तर खरंच वेळ मागे गेली. रांजणगावच्या आमच्या कंपनीत गेटवरचा राउटर मीच बसवला होता. त्यात ही कमांड दिल्याचं काही केल्या आठवेना.

आठवडाभरापूर्वी गेटच्या केबिनमध्ये कुणीतरी परका लॅपटॉप कंपनीच्या नेटवर्कला जोडला होता. राउटरच्या नोंदीत वेळ होती सकाळी नऊ चाळीस. तेव्हा ड्युटीवर होते दौंडहून येणारे वॉचमन मामा. आपण कुणालाच आत घेतलं नाही, असं ते परोपरीनं सांगत होते. पण नोंदीचा कागद मीच साहेबांपुढे ठेवला होता. चौकशी होईपर्यंत मामांना घरी बसवलं.

नऊ चाळीसमध्ये साडेपाच तास मिळवले. दुपारचे तीन दहा. मामांची पाळी तीनला सुटते.

संध्याकाळी तोच हिशोब पुन्हा मांडून पाहिला. माझं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं. गप्प राहिले तर कुणालाच कळणार नाही, हे मनात आलं आणि मला माझीच भीती वाटली.

सोमवारी कंपनीच्या बसमधून उतरून आधी राउटर तपासला. कमांड नव्हतीच. मग साहेबांसमोर जाऊन उभी राहिले.

"सर, मामांच्या पाळीत काही झालेलं नाही. वेळ चुकलीय. माझ्या हातून."

त्यांनी ते लेखी मागितलं. लिहिताना दोनदा चुकलं, कागद बदलावा लागला. दुपारपर्यंत उलगडा झाला : वजनकाटा दुरुस्त करायला आलेल्या माणसानं तीननंतर आपला लॅपटॉप गेटच्या केबिनमध्ये जोडला होता. माझ्याकडचे पासवर्ड काढून घेतले, कंत्राट फक्त तीन महिन्यांसाठी वाढवलं.

मामा गुरुवारी कामावर आले. मी माफी मागायला केबिनमध्ये गेले, तर ते रजिस्टरमधून मान वर काढेनात.

"घरची इचारत व्हती, काय केलंत म्हणून. मी काय सांगणार?"

"माफ करा मामा, चूक माझी होती," मी म्हणाले. त्यांनी रजिस्टर मिटून विचारलं, "सायबाला सांगताना भ्याली व्हतीस का?"

"खूप."

"व्हय, मी बी भ्यायलो व्हतो," असं म्हणून ते गेटवर थांबलेल्या ट्रककडे गेले.