अकोल्यात जुनीच मशीन आहे

माझ्या बायकोला हे माहीत नाही. मुलांना नाही, सख्ख्या भावालाही नाही. ज्या दोस्तासोबत उभा जन्म चहा प्यालो, त्याच्यापुढे दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा हवापाण्यावर बोलून उठलो. तुम्हालाच का सांगतो आहे? परवा कारंज्यात माझा सत्कार झाला. शाल, नारळ, आणि एकजण माइकवर म्हणाला, सरांनी गावोगावची पोरं नोकरीला लावली. माझं डोकंच फिरलं. लावली असतील. एकीची घालवली – ते कोण सांगणार? मीच ना?

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कारंज्याला किराणा दुकानाच्या माडीवर माझा मराठी टायपिंगचा क्लास होता. जिल्हा तेव्हा अकोला. वाशीम वेगळा व्हायला अजून बराच अवकाश होता. एक खोली, पाच मशिनी आणि माझी एक शिस्त – बोटांकडे पाहायचं नाही. प्रत्येक मशीनच्या कळांवर मी पुठ्ठ्याचं खोकं उपडं घालायचो, पुढून फक्त हात जातील एवढी फट. नजर उताऱ्यावर, बोटांनी आपापलं अक्षर शोधायचं. कोणाची मान खाली गेली की माझी फुटपट्टी वाजलीच. या शिस्तीचा मला काय माज होता!

मग कळा बदलल्या. नव्या मशिनी आल्या त्यांच्यावर अक्षरांच्या जागाच वेगळ्या. जुन्या हातानं ठोकलं की कागदावर भलतंच उमटायचं. आपण केव्हा बदलायचं? – सगळ्या क्लासवाल्यांपुढे हाच प्रश्न. आणि मी, मोठा शहाणा, सगळ्यांना अक्कल शिकवायचो. घाई करू नका, अर्ध्या कचेऱ्यांत अजून जुन्याच आहेत, आधी दुसऱ्यांना ठेचकाळू द्या. ऐकायला किती समंजस वाटतं, नाही? खोटं होतं सगळं. मी भ्यालो होतो.

कारण एक नवी मशीन मी आणलेली होती. रोज सकाळी, क्लास उघडायच्या आधी, आतून कडी लावून मी तिच्यावर बसायचो. आणि मला ती येत नव्हती. तालुक्यात माझ्या बोटांचं नाव होतं, आणि तीच बोटं नव्या कळांवर आंधळ्यासारखी चाचपडायची. पानभर कचरा निघायचा. तो मी फाडून चुलीत घालायचो. शेवटी मशीनवर मेणकापड टाकलं आणि पोरांना सांगितलं, बिघडली आहे, तिचा एक भाग यायचा आहे.

आता सुमन. किती वेळ टाळतो आहे तिला!

सुमन आसेगावची, बौद्ध घरातली. आई-बाप दुसऱ्याच्या वावरात मजुरीला. ही मॅट्रिक होऊन कारंज्यात मावशीकडे राहिली होती. कोणी अडलं की मी खोकं उचलून कळ दाखवायचो; हिच्या मशीनवरचं खोकं मी कधी उचललं नाही, तशी वेळच तिनं आणली नाही. एक चूक नाही. तुम्हाला वाटेल, गुरूला कौतुक वाटलं असेल. मला राग यायचा. चारचौघांत मी जात मानत नाही म्हणून सांगायचो – अजूनही सांगतो – आणि बौद्धवाड्यातली पोरगी माझ्यापुढे निघते आहे हे मला बघवत नव्हतं. थू माझ्या तोंडावर.

अकोल्याच्या एका कचेरीतून तिला टायपिंगच्या परीक्षेचं बोलावणं आलं. घरी स्थळ आलेलं होतं. बापानं पाहुण्यांना थांबवून धरलं होतं – नोकरी लागली तर पोरगी शिकेल तेवढी शिकेल, नाही लागली तर लग्न. सगळं त्या एका कागदावर होतं. आणि हे मला माहीत होतं, तिनंच सांगितलं होतं.

परीक्षेच्या पंधरा दिवस आधी ती मेणकापडापाशी उभी राहिली. म्हणाली, "सर, अकोल्याले नवी मशीन असन तं? मले हे दुरुस्त करून द्या ना. आठ दिवसांत हात बसवतो मी."

आठ दिवसांत! मला महिनोन्महिने जमलं नव्हतं ते. आणि ती बसवणार होती, मला तिळमात्र शंका नव्हती. मग सगळ्या क्लासला कळलं असतं की मशीन धडधाकट आहे, बिघाड सरांमध्ये आहे.

त्याच आठवड्यात मी रिबिनी आणायला अकोल्याला जाऊन आलो होतो. त्या कचेरीत डोकावलो होतो. टेबलावर नवी मशीन होती. या डोळ्यांनी पाहिली होती.

मी म्हणालो, "अवं पोरी, तिथं जुनीच मशीन हाय. मी पाहून आलो. डोये मिटून बसजो."

अकोल्याला परीक्षेला ती तशीच बसली. मी शिकवलं होतं तशी – नजर उताऱ्यावर, मान ताठ, बोटांकडे एकदाही न पाहता. दुसऱ्या क्लासची पोरं खाली बघत अडखळत तरी काही बरोबर उतरवत होती. माझी सुमन वाऱ्यासारखी ठोकत गेली. वेळ संपल्यावर कागद बाहेर निघाला. त्यातला एकही शब्द वाचता येत नव्हता. तिथला साहेब हसला म्हणे.

दुसऱ्या दिवशी ती क्लासला आली. रडली नाही, ओरडली नाही. मी वाट बघत होतो तिनं शिव्या द्याव्यात म्हणून. तिनं एवढंच विचारलं, "सर, तुमाले माईत नोतं ना?"

सांगायला एवढी मोठी फट होती. मी म्हणालो, "नाही." आणि वर – ऐका, हेही ऐका – "तूनं एकडाव खाली पाहाले पाह्यजे होतं."

ज्यानं खाली पाहिलं म्हणून पोरांच्या बोटांवर फुटपट्टी मारली, तो हे बोलला!

महिन्याभरात तिचं लग्न झालं, शेलूबाजारकडे दिली. त्याच महिन्यात मी मेणकापड काढलं, आणखी दोन नव्या मशिनी आणल्या आणि शिकवायला एक हुशार मास्तर ठेवला. बाहेर पाटी लागली – नव्या कळांचा क्लास. माझ्याच पोरांना नोकऱ्या लागत गेल्या. बदलायला काय लागत होतं? काही नाही. फक्त मला येत नाही, हे एकदा म्हणायचं होतं.

काही वर्षांनी शेलूबाजारच्या थांब्यावर मी बसची वाट बघत होतो. समोरून कापूस वेचून बायका येत होत्या. त्यातली एक थांबली. सुमन. सोबत चार-पाच वर्षांची मुलगी. तिनं पदर सावरला, सोबतच्या बायांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "हे माये सर. याईनंच शिकवलं मले." मग मुलीला पुढे ढकललं. "पाया पड, सरच्या."

मुलगी वाकली. मी पाय मागे घेतला नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, खूप शीक.