नाच्याच्या हाती डफ

नागपूरच्या कोष्टीपुऱ्यात जयवंताला ओळखत नाही असा माणूस नव्हता, पण त्याला नावानं हाक मारणारेही फारसे नव्हते. ‘गिरिधरचा नाच्या’ एवढीच त्याची ओळख. वर्षभर तो मागावर बसून रेशीमकाठी लुगडी विणायचा, आणि दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या की तसंच एखादं लुगडं नेसून, पायात चाळ बांधून खडी गंमत या नाचगाण्याच्या खेळाला उभा राहायचा. भर दुपारी, उघड्या मैदानात, हजारो लोकांपुढे तो कधी गवळण व्हायचा, कधी सावकाराची बायको, कधी नवऱ्याला जाब विचारणारी कोष्टीण. लोक हसून हसून लोळायचे. दुसऱ्या दिवशी तेच लोक रस्त्यात भेटले की त्याच्याकडे पाहून डोळे मिचकावायचे. जयवंताला त्याचं काही वाटत नसे. निदान तो तसं म्हणायचा.

पार्टी गिरिधर शाहिराची. तोही कोष्टीच, जयवंताच्याच गल्लीतला. पोरसवदा वयातच त्यानं डफ हातात घेतला, ढोलकीला बापूजी घेतला, तुणतुण्याला मारोतराव, आणि नाचायला जयवंता. पार्टी कलगीची होती. म्हणजे पुरुषापेक्षा माया मोठी, शिवापेक्षा शक्ती मोठी, असं गाण्यातून ठासून सांगणारी. समोर शिवाला मोठं मानणारी तुऱ्याची पार्टी आली की सवालजवाब सुरू व्हायचे, आणि गिरिधरचा आवाज वर चढला की तुरेवाल्यांचे चेहरे उतरायचे. उमरेडपासून खाप्यापर्यंत त्याचं नाव होतं. त्याच्या मागे बंड्या जुंपून गावोगाव हिंडणारे शौकीन होते. त्यांत दोघे मुख्य. एक बाबनराव, लकडगंजात त्याची लाकडाची टाल होती. दुसरा भैयाजी, त्याचा गल्लीच्या तोंडाशी पानठेला होता. गिरिधरचं कोणतं गाणं पहिल्यांदा कुठं झालं, यावरून दोघांची नेहमी हुज्जत चाले.

सन छत्तीसच्या श्रावणात मोहल्ल्यात हैजा आला, पटकीची साथ पसरली. गिरिधरला सकाळी लागण झाली आणि दिवस मावळायच्या आत तो गेला. गल्लीची सगळी दारं बंद होती. ज्यांना जाता आलं ते सोयऱ्याधायऱ्यांकडे निघून गेले होते, उरलेले फटीतून पाहत होते. जयवंता, बापूजी आणि मारोतराव यांनी तिरडी बांधली आणि ते चौथ्या खांद्यासाठी दारोदार फिरले. आतून कोणी म्हणे अंगात ताप आहे, कोणी म्हणे घरात लहान लेकरं आहेत. कोणी तर उत्तरच देईना. भैयाजीच्या ठेल्याला फळ्या लागलेल्या होत्या. बाबनराव दोन दिवसांपूर्वीच बायकापोरांना घेऊन गावाला गेला होता.

तिघं हात हलवत परत आले तेव्हा गिरिधरची बायको, मैनाबाई, उंबऱ्यात उभी होती. तिनं पदर कमरेला खोचला.

“उचला,” ती म्हणाली.

“वैनी, बाईमाणसानं...” मारोतराव चाचरला.

“बाईमाणसानं काय? दुसरं कोण हाय? उचला म्हणते ना!”

तिनं खांदा दिला. घाटापर्यंत ती एकदाही थांबली नाही, खांदाही बदलला नाही. तिच्या मागच्या बाजूला जयवंताचा खांदा होता. पुढं कित्येक वर्षं त्याला आठवत राहिली ती तिची मान, घामानं भिजलेली आणि ताठ.

आश्विनात रोगाची साथ ओसरली. माणसं परतली, ठेले उघडले, आणि मोहल्ल्याला एकदम गिरिधरची आठवण आली. बाबनराव टालीवर बसून आल्यागेल्यापुढे रडू लागला. भैयाजी पान लावता लावता उसासे टाकू लागला. आणि आठवडा उलटायच्या आत वाद पेटला, की गिरिधरच्या मागे पार्टी चालू ठेवायची की बंद करायची?

बाबनरावाचं म्हणणं होतं, बंद. “गिरिधरचा आवाज माह्या कानात हाय. त्याच्यावर दुसऱ्या कोणाचा आवाज मी पडू देणार नाई. मेलेल्या माणसाचा फेटा कोणी दुसऱ्याच्या डोक्यावर बांधते का? पार्टी त्याच्यासंगं गेली. आता जो कोणी त्याचं गाणं म्हणंल तो चोर!”

भैयाजीचं म्हणणं होतं, चालू. “असं कसं गा? निशाण कलगीचं हाय, गिरिधरच्या घरचं नाई. मठातला महंत गेला तर गादीवर दुसरा बसते का नाई? कामठीले एक जण हाय. डोळे मिटून ऐका, हुबेहूब गिरिधर! त्याले आणू. नाईतर येत्या मंडईत तुरेवाले आपल्या छातीवर नाचतील.”

दोन्हीकडे माणसं जमली. ठेल्यावर, रंगाऱ्याच्या भट्टीजवळ, नळावर, जिथं तिथं हीच चर्चा. भावाभावांत बोलणं बंद झालं. एकानं तर बंद करा म्हणणाऱ्याच्या घरी ठरलेली लेकीची सोयरीक मोडली. आणि या सगळ्या गलक्यात जयवंताला, बापूजीला, मारोतरावाला एकानंही विचारलं नाही, की बाबांनो, तुम्हाला काय वाटतं? जणू गिरिधर एकटाच मैदानात उभा राहायचा आणि ढोलकी आपोआप वाजायची.

शेवटी एका रविवारी सकाळी मारुतीच्या देवळापुढे सभा बसली. जयवंता भिंतीला टेकून उभा होता. बसायला जागा होती, पण बस म्हणून कोणी म्हटलं नव्हतं. बाबनराव बोलला, भैयाजी बोलला, पुन्हा बाबनराव बोलला. गिरिधर आमचा प्राण होता, म्हणाला. आमच्या घरचा माणूस गेला, म्हणाला. आणि डोळ्यांना उपरणं लावलं.

जयवंताच्या पायापासून डोक्यापर्यंत आग गेली.

“घरचा माणूस?” तो ओरडला तेव्हा त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. “घरचा माणूस गेला तवा कुठं होते गा तुमी? आमी तिघं जण दारोदार हिंडून राहिलो होतो, एका खांद्यासाठी! एक खांदा भेटला नाई या मोहल्ल्यात. त्याच्या बायकोनं खांदा देल्ला. आन् आता तुमी ठरवता, पार्टी ठेवाची का बुडवाची? पार्टी कोणाले म्हणता तुमी? त्या तिरडीखाली जे चार जण होते ना, ते पार्टी होय!”

भैयाजीनं मान खाली घातली. बाबनराव मात्र लाल झाला.

“नाच्यानं सभेत बोलू नये,” तो म्हणाला. “कमर हालवाची तिथं हालवावी.”

कोणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्यानं जयवंताचं काळीज जितकं चिरलं तितकं बाबनरावाच्या बोलण्यानंही चिरलं नाही. वीस-बावीस वर्षं हेच लोक त्याच्यावर टाळ्या पिटत आले होते. माया मोठी, बाई मोठी, हे त्याच्याच तोंडून ऐकून मान डोलवत होते. गाण्यातली बाई मोठी. खांदा देणारी बाई आणि बाईचं सोंग घेणारा पुरुष मात्र यांच्या सभेत भिंतीशी उभे राहायच्या लायकीचे.

तो तडक मैनाबाईच्या घरी गेला. ती मागावर बसली होती. गिरिधरचं अर्धं राहिलेलं लुगडं तिनं पुरं करायला घेतलं होतं. जयवंतानं भडाभडा सगळं सांगितलं आणि म्हणाला, “वैनी, तुमी एकडाव सभेत येऊन सांगा, का पार्टी चालली पाहिजे. तुमच्यापुढे कोणाची टाप हाय?”

मैनाबाईनं मागावरचा धोटा थांबवला.

“पार्टी सुरू केली तवा मले कोणं इचारलं होतं रे जयवंता?”

जयवंता मागाजवळ खाली बसला.

“चार चार महिने घरी नसे तो. घरी आला का गळा बसलेला असे. माह्यासंगं बोलाले आवाज उरत नव्हता त्याले. मी हळद-दूध देत जाओ, आन् आवाज सुटला का हा चालला पुढच्या गावाले. तवा तू आला होता का इचाराले, का वैनी, तुमाले चालते का? आता बाबनराव म्हणते माह्यासाठी बंद करा. तू म्हणतो माह्यासाठी चालू ठेवा. माह्या नावाची पावती सगळ्याईले पाहिजे. मी काहून देऊ?”

“मंग काय करू मी?” जयवंतानं विचारलं.

“तुले गाणं म्हणाचं हाय का?”

“हाय.”

“मंग गा. पण स्वतःच्या नावानं गा. त्याची गाणी त्याच्यासंगं जाळली म्हणून समज. त्याच्या नावावर जेवू नको.” आणि तिनं धोटा पुन्हा फेकला.

जयवंता तिथून निघाला तो चिडूनच. तिच्यावर चिडला, बाबनरावावर चिडला, आणि घरी येऊन मागाशी बसल्यावर सगळ्यात जास्त स्वतःवर चिडला. कारण बाईचं खरं होतं. इतकी वर्षं तो बाई होऊन नाचला, पण त्या घरातल्या बाईला एक प्रश्न विचारायचं त्याला कधी सुचलं नव्हतं. त्याच रागात, माग चालवता चालवता, त्याच्या तोंडात ओळी आल्या. पहिल्या वेड्यावाकड्या, मग सुधारलेल्या. बापूजी ढोलकी घेऊन आला. आधी कुरकुरला, “डफ कोण धरन गा?” जयवंता म्हणाला, “मी.” बापूजीनं ढोलकीला शाई चोपडायला घेतली.

भाऊबीजेनंतर खाप्याची मंडई भरली. कन्हानच्या काठी तंबू, झोपाळे, मिठाईची दुकानं, आणि मधोमध गोल मैदान. जयवंता स्वतःच्या नावानं गाणार, ही बातमी नागपुरातून आधीच पोचली होती. बाबनराव आपल्या माणसांच्या बंड्या घेऊन हजर होता. ही सगळी मंडळी मैदानाच्या पुढच्या भागात येऊन बसली आणि ढोलकीवर थाप पडताच एकसाथ वळली. पाठ करून बसली. तीस-चाळीस पांढऱ्या पाठी ओळीनं. दुसऱ्या अंगाला भैयाजी आपल्या लोकांसह बसला होता. त्यांची तोंडं समोर होती, पण ती उघडी होती. “गिरिधरचं म्हण! गिरिधरचं म्हण!”

जयवंता मैदानात आला. अंगावर हिरवं लुगडं, कपाळावर कुंकू, पायात चाळ, आणि हातात डफ. हे पाहून मोठाच गलका उठला. नाच्यानं डफ धरलेला कोणी पाहिला नव्हता. शाहीर म्हणजे फेटा, शाहीर म्हणजे पुरुषाचा वेश. खाप्याचे कोष्टीसुद्धा एकमेकांकडे पाहू लागले.

त्यानं डफ खाली घेतला.

“खाप्याच्या लोकहो, रामराम. मी जयवंता. इथं गिरिधर शाहिराची पार्टी आली नाई. गिरिधर शाहीर मेला. त्याची गाणी ज्याईले ऐकाची हायेत त्यायनं डोळे मिटून मनातल्या मनात ऐका, मी आडवा येत नाई. ज्याईनं पाठ केली त्याईले एकच सांगतो. श्रावणातही तुमी पाठच केली होती. आमाले तुमच्या पाठीची सवय हाय!”

पाठींच्या ओळीत चुळबुळ झाली. एक जण उठून बाबनरावाकडे न पाहता निघून गेला. बापूजीनं ढोलकी उचलली आणि जयवंतानं सूर लावला.

ताना ताणला भल्या पहाटं, बाना कोण टाकन गा,
धनी गेला सोडून माग, धोटा कोण हाकन गा...

आवाज गिरिधरसारखा नव्हता. चढावर फाटत होता. पहिल्या कडव्याला भैयाजीची माणसं ओरडत राहिली, दुसऱ्याला थकली. मैदानाच्या कडेला बंड्यांवर बसलेल्या बायका मात्र पुढे सरकल्या. त्यांतल्या निम्म्या तरी कोष्टिणी होत्या, बोटांना रंग लागलेल्या. शाहिराच्या तोंडून सासूबिसूची टिंगल त्यांनी खूप ऐकली होती, आपल्या मागाचं गाणं पहिल्यांदा ऐकत होत्या. एका म्हातारीनं डोळे पुसले. टाळ्या फार पडल्या नाहीत. बाबनरावाच्या माणसांच्या पाठी शेवटपर्यंत तशाच होत्या, पण त्या दिवशी पार्टी मैदानातून उठवता आली नाही कोणाला.

गाणं मैनाबाईच्या कानावर गेलं. जयवंता भेटायला गेला तेव्हा ती म्हणाली, “धोटा कोण हाकन म्हणते तुही बाई. माहा धोटा एक दिवस थांबला नाई. कोणची बाई पाहिली तू?” जयवंतानं पुढच्याच मंडईत ते कडवं बदललं. बदललेलं गाणं जास्त चाललं.

पार्टी पुढं स्वातंत्र्य येईपर्यंत चालली. मोठी कधी झाली नाही. मोहल्ल्यातला वादही मिटला नाही. जयवंताची बंडी ठेल्यापुढून जात असायची आणि ठेल्यावर लोक भांडत असायचे की गिरिधरची पार्टी चालू ठेवायला हवी होती की नाही. त्याला हाक मारून कोणी विचारत नसे. सुरुवातीला तो चिडून बंडी थांबवायचा, मग नुसता थुंकून पुढं जाऊ लागला.

काही वर्षांनी बाबनराव आणि भैयाजी एक झाले आणि दर श्रावणात मारुतीच्या देवळात गिरिधरची पुण्यतिथी करू लागले. हार, नारळ, भाषणं. गिरिधरचा फोटो कधी निघालाच नव्हता, म्हणून पाट्या रंगवणाऱ्या एकाकडून मोठं चित्र काढून घेतलं. जयवंता बोलावल्याशिवाय पाहायला गेला. चित्रातल्या शाहिराला भरजरी फेटा होता, हातात डफ होता, आणि गालापर्यंत वळवलेल्या झुबकेदार मिशा होत्या.

“हे कोण होय?” त्यानं विचारलं.

“कोण म्हणजे? गिरिधर शाहीर!” बाबनराव म्हणाला. “मर्द माणूस होता.”

“त्याले मिशी कुठं होती?” जयवंताचा आवाज देवळाच्या कळसाला भिडला. “देवीचे वण होते ओठावर, मिशी उगतच नव्हती त्याले! इतकी वर्षं समोर बसले, तोंड पाहिलं नाई का त्याचं?”

एकानं उदबत्ती सरळ केली. जयवंता तिथून निघाला, घरी न जाता थेट बापूजीकडे गेला आणि म्हणाला, “काढ ढोलकी. नवं गाणं बांधाचं हाय.”